नावं वाचता आली पाहिजेत

मोहोपाडा, रसायनी

सोनू,

तू पाठवलेले सरावाचे फोटो पाहिले. चौकातल्या पुतळ्यामागे मावळतं ऊन, पुतळा काळा, आभाळ केशरी. छान आहेत. पण भायखळ्याला अग्निशमन दलाच्या मुख्यालयात जाऊन शहीद जवानांच्या स्मारकाचाही असाच फोटो काढायचा बेत असेल, तर माझा त्याला विरोध आहे. काळ्या आकृतीत नाव वाचता येत नाही, आणि त्या दगडावर बघण्यासारखं जे काही आहे ते म्हणजे नावंच. माझी सगळी नोकरी कारखान्याच्या फायर सेक्शनमध्ये गेली, तेव्हा हा आग्रह थोडा माझ्या बाजूने झुकलेला आहे हे धरून चाल.

जायच्या आधी १४ एप्रिल १९४४ नीट समजून घे. दरवर्षी त्या आठवड्यात कंपन्यांच्या गेटवर खिशाला छोटे झेंडे टोचतात, ड्रिल होतं, ते याच दिवसासाठी. ‘फोर्ट स्टिकीन’ हे जहाज कराचीहून मुंबईच्या व्हिक्टोरिया गोदीत आलं होतं. पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं आणि त्यांच्याच संगतीला कापसाच्या गाठी. आपल्या रसायनीत कुठल्याही शिकाऊ फायरमनला विचार, असा माल शेजारी शेजारी ठेवशील का म्हणून! दुपारी दोनच्या सुमाराला धूर दिसला. बंब आले. कापसाची आग आत धुमसत राहते, वरून कितीही पाणी मारलं तरी मूळ सापडत नाही. तरी माणसं होज धरून डेकवर आणि धक्क्यावर उभी राहिली. चार वाजून गेले आणि पहिला स्फोट झाला, अर्ध्या तासाने दुसरा. अग्निशमन दलाचे ६६ जवान गेले. एकूण मृतांचा आकडा ८०० ते १,३०० असा वेगवेगळा सांगितला जातो. यातला फरकच बघ ना. दलाकडे हजेरीपट होता, म्हणून जवानांची मोजदाद झाली. गोदीत रोजंदारीवर आलेल्या हमालांची कोण ठेवणार?

तुझ्या कामाची गोष्ट पुढेच आहे. सुधीश घटक नावाच्या छायाचित्रकाराने स्फोटानंतरच्या मुंबईचं चित्रण केलं होतं. ती फिल्म लष्कराने जप्त केली, त्यातला काही भाग पुढे लोकांना पाहायला मिळाला. युद्धाचा काळ, बातम्यांवर सेन्सॉर. शहर जळत होतं आणि सरकारला त्याची चित्रं नको होती. तुला आता कुणी अडवणार नाही. मग जे मिळालं आहे ते धूसर करून का दाखवायचं?

आता काढायचं कसं. आधी फोन खिशात ठेवून दगड बघ. अक्षरं नुसती कोरलेली असतील तर ऊन बाजूने, दगडाला घासून जाणारं हवं. सकाळच्या तिरप्या उन्हात नांगरलेल्या शेतातलं एकेक तास उठून दिसतं, तशी अक्षरं उठतात. ऊन समोरून आलं की ती सपाट होतात. अक्षरांत रंग भरलेला असेल तर ऊन नकोच, सावलीतला सारखा उजेड बरा. दगड गुळगुळीत असेल तर त्यात तूच दिसशील. किंचित बाजूला सरक. फोनची रुंद लेन्स वापरू नकोस, कडा वाकतात. मागे जाऊन दुप्पट झूमवर काढ. ते चेहरे गोरे करणारं, अंधार उजळणारं सगळं बंद ठेव, ते बारीक अक्षरं सारवून टाकतं. आणि अक्षरं उठावीत म्हणून त्यांवर खडू घासणं, पाणी ओतणं हे प्रकार करायचे नाहीत. कुणाच्या घरातलं माणूस आहे ते.

१४ तारखेला संचलन असतं, पुष्पचक्रं वाहतात. तो फोटो जरूर काढ, पण त्या दिवशी फुलांनी नेमका खालचा भाग झाकला जातो. म्हणून दगडासाठी आधीचा एखादा दिवस धर. शिवाय १४ म्हणजे आंबेडकर जयंती, रस्त्यांवर गर्दी असणार. परवानगी आधी घे, आणि ते चालू स्टेशन आहे हे विसरू नकोस. घंटा झाली की बंब सुटतात. त्यांच्या वाटेत ट्रायपॉड मांडून बसलीस तर ओरडा खाशील आणि तो योग्यच असेल. घरचे लोक आले असतील तर रडणाऱ्या चेहऱ्यावर झूम नको. आधी बोल, मग फोटोसाठी विचार.

नोंदवही ने. नाव, हुद्दा, तारीख जशी दिसेल तशी उतरव, स्वतः दुरुस्ती करू नकोस. उदाहरणार्थ, ९ मे २०१५ ला काळबादेवीच्या गोकुळ निवासला आग लागली आणि इमारत कोसळली. दलाचे अधिकारी संजय राणे आणि महेंद्र देसाई त्याच दिवशी गेले. सुधीर अमीन आणि प्रमुख अधिकारी सुनील नेसरीकर भाजलेल्या अवस्थेत काही दिवस झुंजून त्याच महिन्यात गेले. घटना एक, मृत्यूच्या तारखा वेगळ्या. फोटोखाली एकच तारीख लिहिलीस तर चूक होईल.

अशी माणसं मुंबईतच असतात असंही नाही. जुलै २०२३ मध्ये आपल्या तालुक्यात इर्शाळवाडीवर दरड आली, तेव्हा नवी मुंबईच्या अग्निशमन दलाचा एक अधिकारी मदतीला वर चढताना वाटेतच कोसळून गेला. तिथे आगही नव्हती. तुझा प्रकल्प पुढे वाढवायचा झाला तर त्याच्याबद्दल विचारायला बेलापूरच्या अग्निशमन केंद्रात जा, मी सोबत येईन.

भायखळ्याला जायला पनवेलहून हार्बर पकड, कुर्ल्याला गाडी बदल. त्यापेक्षा आदल्या रात्री लालबागला मावशीकडे राहा, म्हणजे सकाळचं ऊन चुकणार नाही. निघताना माझी काळी छत्री घेऊन जा. गुळगुळीत दगडात समोरच्या इमारती दिसायला लागल्या तर कुणाला तरी ती उघडून तुझ्या मागे धरायला सांग, प्रतिबिंब अडेल. मोडून आणू नकोस.

तुझा,
मामा