शब्बाथ वर्षाची साक्ष



लेवीय ग्रंथाच्या २५ व्या अध्यायात देवाची आज्ञा आहे: सहा वर्षे पेरणी करावी, सातव्या वर्षी जमीन पडीक ठेवावी. अशी सात वर्षे सात वेळा मोजून ५० वे वर्ष ज्युबिलीचे मानावे, विकलेली वडिलोपार्जित जमीन मूळ कुटुंबाला परत द्यावी. हे खरोखर कोणी पाळले का? पाळले असेल, तर कोणत्या साली?

मक्काबीच्या पहिल्या ग्रंथाचा सहावा अध्याय उघडू या. पाचव्या अंतियोख राजाच्या सैन्याने बेथसूरला वेढा घातला. आतले यहुदी अन्नावाचून शरण आले, कारण ते जमिनीच्या विसाव्याचे वर्ष होते. यरुशलेमच्या मंदिरातही धान्य उरले नव्हते. या मोहिमेसाठी पहिला ग्रंथ सेल्युकस राजांच्या शकाचे १५० वे वर्ष देतो, तर दुसरा १४९ वे. त्यामुळे अभ्यासकांत एका वर्षाचा मतभेद आहे. झुकरमान यांच्या मते ते शब्बाथ वर्ष इ.स.पू. १६४-१६३, तर १९७३ साली वाखोल्डर यांनी मांडल्याप्रमाणे १६३-१६२.

दुसरा साक्षीदार योसेफस हा यहुदी इतिहासकार. हेरोदाने यरुशलेमला वेढा घातला तेव्हाही शब्बाथ वर्षामुळे अन्नटंचाई होती, असे तो लिहितो. झुकरमान यांच्या गणनेत ते वर्ष इ.स.पू. ३८-३७. आता १६३ मधून ३७ वजा करा: १२६, म्हणजे बरोबर १८ वेळा सात! वाखोल्डर यांची दोन्ही वर्षे एकेक वर्षाने पुढे असली, तरी अंतर तेवढेच राहते. इस्राएलमध्ये २०२१-२२ साली पाळलेले शब्बाथ वर्षही झुकरमान यांच्या मोजणीशी जुळते.

ज्युबिलीचे काय? मक्काबी ग्रंथ किंवा योसेफस तिचे एकही साल देत नाहीत. दर ५० वे वर्ष वेगळे धरले असते, तर त्या १२६ वर्षांत निदान दोन ज्युबिली आल्या असत्या आणि सातांची साखळी तुटली असती. ती तुटलेली दिसत नाही.

यातून आपण काय शिकावे? शत्रू दाराशी असतानाही त्यांनी शेत पडीक ठेवले. त्यांच्या उपासमारीमुळेच आज आपल्याला साल कळते. पण दुसऱ्याची जमीन परत केल्याची तारीख मात्र मिळत नाही. स्वतः उपाशी राहणे कठीण, हातात आलेले परत देणे त्याहून कठीण. २०२५ ची ज्युबिली आपणही साजरी केली. सरकवलेला बांध, भावाचा अडवलेला वाटा, न फेडलेली उसनवारी, यांपैकी आपण काय परत केले? येशूने नासरेथच्या सभास्थानात प्रभूच्या कृपेचे वर्ष जाहीर केले. ते आपल्या घरात कोणत्या तारखेला सुरू होणार, हे आपणच ठरवू या.