डिझेल पंपाची गळती घरी थांबवता येईल का?

प्रश्न : माझ्याकडे २००४ सालची डिझेल इंडिका आहे. कंपनीतून निवृत्त झाल्यापासून गाडी कधीतरीच बाहेर निघते. दोन वर्षांपासून फ्युएल इंजेक्शन पंप डिझेलने ओला राहतो, पार्किंगमध्ये डाग पडतो आणि सकाळी पहिल्या स्टार्टरला गाडी उठत नाही. पंपवाले म्हणतात, पंप पूर्ण खोलून बांधून घ्या. माझं सगळं आयुष्य टूलरूममध्ये गेलंय, हात चालतो. सील घरी बदलता येतील का? आणि इतकी वर्षं न गळलेला पंप आत्ताच का गळायला लागला?
— एक वाचक, चिखली

उत्तर : तुमचा दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण त्याचं उत्तर कळलं की कुठल्या रबराचं सील आणायचं हे आपोआप ठरतं.

पंपातल्या जुन्या ओ-रिंगा बहुतेक नायट्राइल रबराच्या असतात. डिझेलमध्ये ॲरोमॅटिक म्हणून ओळखल्या जाणाऱ्या संयुगांचा एक गट असतो. ही संयुगं रबरात मुरतात, रबर थोडं फुगतं आणि रिंग आपल्या खाचेत घट्ट बसते. वर्षानुवर्षं इंजिनाच्या उष्णतेत राहून ती कडक होते, दाबाने चपटी होते, तरी फुगलेली असल्यामुळे फट झाकून धरते. मग डिझेल बदललं. भारत स्टेज ३ च्या डिझेलमध्ये गंधकाची मर्यादा ३५० पीपीएम होती. १ एप्रिल २०१० पासून पुण्यासह तेरा शहरांत स्टेज ४ चं ५० पीपीएमचं डिझेल आलं आणि १ एप्रिल २०२० पासून देशभर १० पीपीएमचं. हे गंधक काढायला रिफायनरीत डिझेलवर हायड्रोजनची प्रक्रिया करतात आणि त्या ओघात ॲरोमॅटिकही घटू शकतात. तसं झालं की रबरात मुरलेली संयुगं परत डिझेलमध्ये उतरतात आणि रिंग आकसते. नवी रिंग लवचिक असल्यामुळे सावरून घेते. वीस वर्षांची कडक झालेली रिंग सावरत नाही, तिच्या कडेने डिझेल पाझरू लागतं. अमेरिकेत ऑक्टोबर १९९३ मध्ये कमी गंधकाचं डिझेल सुरू झालं तेव्हाही जुन्या पंपांच्या सीलमधून अशाच गळत्या सुरू झाल्या होत्या. हे एका दिवसात घडत नाही. त्यात तुमची गाडी उभीच जास्त असते आणि उभ्या गाडीतली सील चालत्या गाडीपेक्षा लवकर मरतात.

‘हल्लीचं डिझेल कोरडं झालंय, म्हणून पंप जातात’ असं गॅरेजमध्ये नेहमी कानावर पडतं. प्रक्रियेत डिझेलचा वंगणगुण कमी होतो हे खरं आहे, पण तो भरून काढायला रिफायनरी ॲडिटिव्ह घालते आणि त्याची चाचणी मानकात ठरवून दिलेली आहे. चाचणीत धातूवर पडणारा घासल्याचा डाग ४६० मायक्रॉनच्या आत राहावा लागतो. तेव्हा टाकीत टू-टी ऑइल ओतत बसायची गरज नाही. तुमचा दोष रबराचा आहे आणि तो रबर बदलूनच जाईल.

आता हाताचं काम. गळती कुठून होते हे ठरल्याशिवाय एकही बोल्ट सैल करू नका. डिझेल वर पाझरतं आणि खाली थेंब होऊन लोंबतं, त्यामुळे जिथे थेंब दिसतो तिथे दोष असतोच असं नाही. ब्रश आणि थोडं डिझेल घेऊन पंप धुवा, हवेने कोरडा करा आणि त्यावर खडूची बारीक पूड भुरभुरा. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून टॉर्च मारून पाहा. सगळ्यात आधी जिथे पूड ओली होऊन काळसर दिसते, ती जागा. सकाळी गाडी न उठण्याचं कारणही याच जागेत असतं. इंजिन चालू असताना पंपाच्या आत काही बारचा दाब असतो, म्हणून डिझेल बाहेर येतं. गाडी रात्रभर उभी राहिली की टाकी खालच्या बाजूला असल्यामुळे लाइनमधलं डिझेल मागे ओढलं जातं आणि त्याच फटीतून हवा आत शिरते. पंपाच्या इनलेटला वीतभर पारदर्शक पाइप लावून पाहिलात तर सकाळी त्यात बुडबुडे दिसतील.

पुष्कळदा असं निघतं की पंप निर्दोष आहे. एका इंजेक्टरवरून दुसऱ्यावर जाणारे कापडी वेष्टणाचे बारीक रिटर्न पाइप तडकलेले असतात, किंवा बँजो बोल्टची वॉशर थकलेली असते. ते आधी बदला. बोल्ट काढताना एक लक्षात ठेवा. मायकोच्या व्हीई जातीच्या पंपावर परतीच्या बोल्टला आत बारीक भोक असतं आणि डोक्यावर ‘आउट’ लिहिलेलं असतं. तो आणि इनलेटचा बोल्ट एकमेकांच्या जागी बसतात. अदलाबदल झाली तर गाडी रेस घेत नाही आणि माणूस उगाच पंपाला दोष देत बसतो.

मी इथे बॉशचा, म्हणजे मायकोचा, व्हीई पंप धरून लिहितोय. बॉशने १९२७ मध्ये डिझेल पंपांचं कारखानदारी उत्पादन सुरू केलं आणि १९५१ मध्ये बंगळूरला मायको उभी राहिली. कंपनीचं नाव २००८ मध्ये बॉश झालं, तरी भोसरी-पिंपरीचे जुने मिस्त्री अजून ‘मायको पंप’च म्हणतात. तुमच्या पंपाची पाटी वाचा. दुसऱ्या मेकचा असेल तर आतली मांडणी वेगळी असते, मग खालचं वर्णन तसंच्या तसं लागू करू नका. सीलचं किट गाडीच्या नावावर मागू नका, पाटीवरच्या पूर्ण नंबरावर मागा. नाना पेठेत किंवा पिंपरीत जिथून घ्याल तिथे व्हिटॉन नावाच्या रबराचं किट मागून घ्या. व्हिटॉनला ॲरोमॅटिकच्या कमी-जास्त होण्याने फारसा फरक पडत नाही आणि बायोडिझेल मिसळलेलं डिझेलही ते नायट्राइलपेक्षा चांगलं सोसतं. रंगावर जाऊ नका. व्हिटॉन तपकिरी, हिरवं, काळं, कसंही येतं. पाकिटावर रबराचं नाव छापलेलं नसेल तर ते किट घेऊ नका.

या पंपात सहसा चार जागा गळतात. वरच्या झाकणाचं गॅस्केट, त्या झाकणातून बाहेर येणारी ॲक्सिलरेटर लिव्हरची शाफ्ट, मागच्या डिस्ट्रिब्यूटर हेडची मोठी ओ-रिंग आणि पुढचं ड्राइव्ह शाफ्टचं सील. पहिल्या दोन तुमच्या हातच्या आहेत.

लिव्हर शाफ्टचं काम असं. लिव्हर आणि शाफ्ट दातऱ्यांवर बसलेल्या असतात. नट काढायच्या आधी दोन्हींवर मिळून एक बारीक रेघ ओढा, दोन फोटो काढा. एक दात जरी चुकला तरी आयडलिंग आणि पिकअप दोन्ही बिघडतात. झाकणाचे बोल्ट काढल्यावर झाकण झटक्यात उचलायचं नाही. शाफ्टच्या खालच्या टोकाला गव्हर्नरची स्प्रिंग अडकवलेली असते. झाकण थोडं उचलून तिरपं धरा, आत डोकावून स्प्रिंग सोडवा, मगच बाहेर काढा. शाफ्ट खाली ढकलली की ओ-रिंग हातात येते. जुनी रिंग नखाने दाबून पाहा. बहुधा ती कडक झालेली असेल, वाकवली तर तडकेल. नवी रिंग डिझेलने ओली करून बसवा. झाकणाच्या मागचा फुल-लोड स्क्रू आणि त्यावरचं लाखेचं किंवा शिशाचं सील यांना हात लावू नका. तो स्क्रू हलला नाही तर झाकण काढून लावल्याने कॅलिब्रेशन बदलत नाही.

एवढ्यावर काम संपलं असं समजू नका. शाफ्ट झाकणाच्या भोकात हलवून पाहा. ॲल्युमिनियमचं भोक झिजून शाफ्ट डुगडुगत असेल तर उत्तमातली रिंगसुद्धा थोड्याच दिवसांत परत गळेल. ते भोक मोठं करून पितळी बूश मारावं लागतं. लेथवर हे मापात करून देणारे हात आपल्या भागात जितके सहज मिळतात तितके इतरत्र क्वचितच मिळत असतील, आणि तुम्ही तर स्वतः टूलरूमचे. झाकण भंगारात टाकू नका.

गळती मागच्या हेडची निघाली, तर मात्र मी तुम्हाला थांबायला सांगेन. हेडच्या आत प्लंजर असतो. तो आणि त्याचं बॅरल यांच्यातली फट अवघी काही मायक्रॉनची. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. हेड मागे ओढताना आतल्या स्प्रिंगा ते बाहेर ढकलतात. जरा तिरपं झालं की प्लंजरच्या टोकाची शिम घसरते, किंवा गव्हर्नर लिव्हरची छोटी गोल पिन कंट्रोल कॉलरच्या भोकातून निसटते. बाहेरून काही कळत नाही. गाडी सुरू होते आणि ॲक्सिलरेटरला न जुमानता रेस घेऊ शकते. हेड थोडंसं मागे घेऊन गाडीवरच रिंग बदलणारे मिस्त्री आहेत आणि त्यांच्या हाताबद्दल मला आदर आहे. पण पहिल्यांदा करणाऱ्याने ते करू नये.

पुढच्या सीलची गळती सगळ्यात वाईट, आणि तिकडे दुर्लक्ष अजिबात नको. इंडिकाच्या या इंजिनात पंप टायमिंग बेल्टवर फिरतो. पुढून पाझरलेलं डिझेल बेल्टवर जातं, बेल्टचं रबर फुगून मऊ होतं आणि एक दिवस बेल्ट तुटतो किंवा दात सोडतो. मग व्हॉल्व्ह पिस्टनवर आदळतात. हे सील बदलायचं म्हणजे पंप उतरवावा लागतो, आणि भिजलेला बेल्टही त्याच वेळी बदलायचा.

या दोन्ही कामांत तुम्ही करू शकाल असं बरंच आहे. पंपाची फ्लँज आणि ब्रॅकेट यांवर मिळून रेघ मारा, टायमिंगच्या खुणा जुळवून पुल्या लॉक करा, पंप स्वतः उतरवा, सगळी तोंडं बुचांनी बंद करा आणि डिझेल लॅबमध्ये बेंचवर द्या. बेंचवर वेगवेगळ्या आरपीएमला प्रत्येक आउटलेटमधून किती डिझेल पडतं, आतला दाब किती, टायमर किती सरकतो हे मोजतात. ती मापं घरी मिळत नाहीत. लॅबवाल्याकडून रीडिंगचा कागद मागून घ्या. परत बसवताना पंपात स्वच्छ डिझेल भरा, हँड प्रायमरने एअर काढा, मग इंजेक्टरकडचे नट सैल करून थोडे थोडे स्टार्टर मारा.

दोन इशारे. आपल्याकडच्या मानकात डिझेलचा फ्लॅश पॉइंट किमान ३५ अंश सेल्सिअस आहे, युरोपात तो ५५ च्या वर असतो. मे महिन्यात पिंपरीतलं पार्किंग ३५ च्या पुढे सहज जातं. म्हणजे डिझेल पेट घेत नाही या समजुतीवर विसंबू नका. बॅटरीची वायर काढा, जवळपास विडी-सिगरेट नको, काम सकाळी उरका. आणि धुतलेलं डिझेल सोसायटीच्या गटारात ओतू नका. चिखलीचं पाणी इंद्रायणीकडे जातं. ते कॅनमध्ये साठवून वापरलेलं ऑइल घेणाऱ्याला द्या.

प्रश्न : माझ्या पिकअपला सीआरडीआय इंजिन आहे. हाय-प्रेशर पंपाच्या कडेने डिझेल दिसतं. तेही घरी होईल का?
— एक वाचक, चाकण

उत्तर : नाही. वरच्या इंडिकासारख्या जुन्या इंजिनात नोझल साधारण सव्वाशे ते दीडशे बारला उघडतं. सीआरडीआयच्या कॉमन रेलमध्ये दाब हजार बारच्या बराच वर जातो. एवढ्या दाबाची बारीक धार हातमोजा आणि कातडी भेदून आत जाते. सुरुवातीला जखम टाचणी टोचल्यासारखी दिसते, दुखतही नाही, पण आत डिझेल पसरून बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर मलमपट्टी करत बसू नका, लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या रुग्णालयात जा आणि दाबाखालचं डिझेल आत गेलंय हे डॉक्टरांना स्पष्ट सांगा.

तुम्ही एवढंच करा. गाडी बंद करून थंड होऊ द्या आणि पंपाकडे येणारे रबरी पाइप आणि परतीच्या पाइपांचे क्लिप तपासा. तिथे दोष नसेल तर गाडी लॅबमध्ये द्या. इंजिन चालू असताना गळती बोटाने चाचपायची नाही, पुठ्ठ्याचा तुकडा लांबून धरून पाहायची. आणि जुन्या गाड्यांवर हात बसलेल्या मिस्त्रींकडे काम देणार असाल तर त्यांना आधीच सांगा, एअर काढायला इंजेक्टरचे नट सैल करायची पद्धत या इंजिनावर चालत नाही.