किरणोपचाराने गवताचे काटक वाण

अवर्षणात वैरण संपली की जनावर बाजारास जाते. म्हणून पाण्याचा ताण, थंडी अथवा खारवट जमीन सोसणारी वैरणीची गवते निर्माण करणे, हे पैदासशास्त्राचे महत्त्वाचे कार्य होय.

नवे वाण सामान्यतः दोन जातींच्या संकरातून मिळते. परंतु कित्येक उत्तम गवतांत हा मार्ग बंद असतो. संकरित नेपियर हे बाजरी व हत्तीगवत यांच्या संकरातून झालेले. ते वांझ असल्याने कांड्या किंवा ठोंब लावूनच वाढवावे लागते. अंजन गवताचे बी बहुधा फलनावाचून तयार होते. त्यामुळे रोप मातृवृक्षासारखेच निपजते. अशा वेळी कांड्यांवर किंवा बियांवर गॅमा किरण सोडून आनुवंशिक गुणांत फेरबदल घडविता येतात. यास कृत्रिम उत्परिवर्तन म्हणतात. क्ष-किरणांनी सातूमध्ये असे फेरबदल होतात, हे अमेरिकेतील स्टॅडलर यांनी १९२८ साली दाखविले.

हरळीचे उदाहरण

हरळी खणता खणता शेतकरी जेरीस येतो. अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातील कापूस उत्पादकही तिला शत्रूच मानीत. तेथील टिफ्टन केंद्रात ग्लेन बर्टन यांनी याच हरळीपासून 'कोस्टल' हे वैरणीचे वाण तयार केले व ते १९४३ साली प्रसारित झाले. पुढे त्याचा केनियातील हरळीशी संकर करून १९६७ साली 'कोस्टक्रॉस-१' देण्यात आले. ते पचनास कोस्टलपेक्षा सुमारे १२ टक्के सरस. पण बी न धरणारे आणि कडक थंडीत मरणारे. पुन्हा संकर करणे शक्य नव्हते. तेव्हा बर्टन व त्यांच्या सहकाऱ्यांनी सुमारे पाच लक्ष हिरव्या कांड्यांना गॅमा किरण देऊन त्यांची थंडीत परीक्षा घेतली. त्यांतून अधिक थंडी सोसणारे एक वाण हाती आले. त्याची माहिती १९८० साली प्रसिद्ध झाली.

यावरून मुख्य गोष्ट स्पष्ट होते. किरण काटकपणा देत नाहीत. ते वाटेल तसे फेरबदल घडवितात आणि त्यांतील बहुतेक निरुपयोगी किंवा अपायकारक असतात. काटक रोप कोणते, हे ताणाच्या परीक्षेतच ठरते. शिवाय कांडीच्या डोळ्यातील काही पेशींतच बदल होत असल्याने, गुण स्थिर होईपर्यंत पुनःपुन्हा कांड्या काढून लागण करावी लागते.

कार्यकर्त्यांनी ध्यानात ठेवावे

१. किरणोपचार हे संशोधन केंद्राचे काम आहे. शेतकऱ्याने शिफारस झालेल्या वाणाचीच लागण करावी.

२. गॅमा किरण दिलेले बी किरणोत्सर्गी होत नाही. त्यापासून वाढलेल्या वैरणीने जनावरास किरणांची बाधा होईल, ही भीती निराधार आहे.

३. असे फेरबदल निसर्गातही क्वचित घडतात. भर उन्हाळ्यात एखादा ठोंब हिरवा दिसल्यास प्रथम तेथे ओल आहे काय ते पाहावे. नसल्यास त्याच्या व नेहमीच्या गवताच्या ओळी एकाच जमिनीत शेजारी लावून दोन-तीन वर्षे तुलना करावी. तगणे, उत्पन्न व जनावरांची आवड या तिन्ही कसोट्यांस तो उतरल्यास कृषी विद्यापीठास कळवावे.