गिअरबॉक्सचे ऑइल निवडताना

इचलकरंजीहून कापड आणायचे तर रत्नागिरीच्या व्यापाऱ्याला पाली, साखरपा करीत आंबा घाट ओलांडावा लागतो. कोल्हापूरपर्यंतच सुमारे १३० किलोमीटर. घाट चढताना आणि मालाने भरलेली गाडी उतरवताना हात सारखा गिअरवर असतो. इंजिन ऑइल आपण वेळेवर बदलतो. गिअरबॉक्सची आठवण मात्र आवाज सुरू झाल्यावरच होते. आम्हीही हीच चूक केली.

आमच्या जुन्या व्हॅनच्या मागच्या डिफरन्शियलचे ऑइलच एका गॅरेजवाल्याने गिअरबॉक्समध्येही भरले. डब्यावर ‘जीएल-५’ लिहिले होते. चारपेक्षा पाच मोठे, म्हणजे माल भारी, असे आम्हालाही वाटले. पुढे तिसऱ्यावरून दुसरा गिअर घेताना करकर होऊ लागली. गिअरबॉक्स उघडला तेव्हा पितळेच्या सिंक्रो रिंगा झिजलेल्या निघाल्या. ऑइलच्या किमतीच्या कितीतरी पट खर्च दुरुस्तीला आला.

जीएल-४ आणि जीएल-५ हे दर्जाचे नव्हे, कामाचे आकडे आहेत. डिफरन्शियलच्या क्राऊन-पिनियनचे दाते एकमेकांवर प्रचंड दाबाने घासतात. म्हणून जीएल-५ मध्ये गंधक व फॉस्फरसयुक्त द्रव्ये जास्त असतात. ऑइल तापले की ही द्रव्ये पितळ खाऊ शकतात. शिवाय सिंक्रो रिंगेला गिअर जुळवण्यासाठी थोडी पकड लागते. फार निसरड्या ऑइलात ती सुटते. म्हणून बहुतेक गिअरबॉक्सना जीएल-४ चालते. मागची चाके ओढणाऱ्या गाडीत दोन ठिकाणी दोन ऑइल लागू शकतात, हे ध्यानात ठेवावे.

दुसरा आकडा जाडीचा. ८०डब्ल्यू-९० मधला ‘डब्ल्यू’ थंडीतील वागणूक दाखवतो, ९० तापल्यानंतरची जाडी. गिअर ऑइलचे ९० हे इंजिन ऑइलच्या ४० ते ५० इतकेच जाड असते. दोन्हींची मोजपट्टी वेगळी. कापडवाल्यांना हे नवे नाही. सुताचा काउंट वाढला की धागा बारीक होतो, डेनियर वाढला की जाड होतो. दोन्ही आकडे शेजारी ठेवून भाव कोणी करीत नाही. काही गाड्यांच्या गिअरबॉक्सला तर पातळ एटीएफच लागते. म्हणून गाडीसोबत मिळालेले पुस्तक पाहावे आणि त्यात असेल तेच ऑइल, सीलबंद डब्यातले, घ्यावे.

ऑइल बदलताना गाडी सपाट जागेवर असावी. आधी भरायचा बोल्ट सैल करून पाहावा, मगच खालचा काढावा. वरचा अडकला आणि ऑइल सांडून गेले, तर गाडी जागेवरच बसते. बहुतेक गाड्यांत ऑइल भरायच्या भोकाच्या काठापर्यंत आले की पुरे.

निघालेले ऑइल निरखून पाहावे. पिवळी चमक दिसली तर पितळ झिजते आहे. दुधाळ रंग असेल तर पाणी शिरले आहे. पावसाळ्यात गाडी साचलेल्या पाण्यातून गेली असेल तर ही तपासणी चुकवू नये. जुने ऑइल गटारात ओतू नये, गॅरेजच्या पिंपात द्यावे.

ठाण घेताना आपण कापड बोटांनी चोळून पाहतो. ऑइलचा डबा घेताना त्यावरची दोन ओळींची अक्षरे वाचायला तेवढाच वेळ लागतो.