सापळा लावण्याआधी सकाळचं ठरव

अगं, तुझ्या दोन्ही तांबड्या कोंबड्या गेल्याचं ऐकून फार वाईट वाटलं. पोरींनी हातावर वाढवलेल्या, नावं ठेवलेल्या कोंबड्या त्या. तुझा संताप मला कळतो, आणि फोन ठेवता ठेवता ‘ताई, आजच रॅकूनसाठी सापळा मागवते’ म्हणालीस तेही कळतं. पण बाई, दोन दिवस दम धर आणि माझं ऐकून घे. सापळ्याला माझा विरोध नाही, आमच्या मक्याच्या कडेला मीही लावते. पण तो शेवटचा उपाय आहे. आणि तो मांडण्याआधी एका प्रश्नाचं उत्तर तयार हवं: सकाळी पिंजऱ्यात रॅकून बसलेला असेल, तर पुढे काय करणार आहेस?

मला माहीत आहे तू काय म्हणणार ते. गाडीत घालू आणि लांब कुठल्या तरी जंगलात सोडून येऊ. आपल्या मनाला तेच बरं वाटतं. मारायला नको आणि घरात ठेवायलाही नको. पण इथे ओहायोत ते बेकायदा आहे. उपद्रव करतो म्हणून पकडलेला रॅकून एक तर पकडला त्याच जागी सोडायचा, नाही तर हाल न करता मारायचा. तिसरी वाट कायद्यानं ठेवलेलीच नाही.

हा नियम निष्ठुर वाटेल, पण त्यामागे मोठा इतिहास आहे. रॅकूनमधला रेबीज पूर्वी फ्लॉरिडा, जॉर्जिया अशा दक्षिणेकडच्या राज्यांपुरता होता. मग शिकारीची हौस भागवायला तिथले रॅकून गाड्या भरभरून उत्तरेला आणून सोडले गेले, आणि 1977 साली व्हर्जिनिया आणि वेस्ट व्हर्जिनियाच्या सीमेवर ही साथ उगवली. तिथून ती पसरत पसरत पूर्वेकडची सगळी राज्यं व्यापून गेली. तुमच्या ईशान्य ओहायोत ती 1997 साली पोचली. तेव्हापासून पेनसिल्व्हेनियाच्या हद्दीलगत, एरी सरोवरापासून खाली ओहायो नदीपर्यंत, लस भरलेलं आमिष टाकून ती साथ अडवून धरायची धडपड चालू आहे. उन्हाळा सरताना विमानातून ते टाकतात. अंगणात त्या आमिषाची छोटी वडी किंवा पुडी सापडली, तर पोरींना हात लावू देऊ नकोस. म्हणजे बघ, माणसांनी जनावरं इकडची तिकडे केली आणि त्याची किंमत इतकी वर्षं सगळे मोजताहेत. वरून निरोगी दिसणारा रॅकूनही आजार घेऊन फिरत असू शकतो. शिवाय नव्या जागी त्याला पाणी कुठे, ढोली कुठे, काही ठाऊक नसतं. तिथले आधीचे रॅकून त्याला थारा देत नाहीत. सोडून आलो म्हणजे जीव वाचवला, हे समाधान खोटं असतं गं.

आता मूळ दुखण्याकडे वळू. आधी खात्री कर की हा रॅकूनच आहे. खुराड्याच्या बाहेर ओल्या मातीत बघ. रॅकूनचा पुढचा पंजा उमटतो तो हुबेहूब तान्ह्या बाळाच्या हातासारखा, पाचही बोटं सुटी. कोंबडी जाळीला चिकटून मेलेली आणि मुंडकं नाही, असं तू सांगितलंस, तेव्हाच मला अंदाज आला. तो आत शिरलाच नाही. बाहेरून जाळीच्या भोकातून हात घातला, जे हाताला लागलं ते ओढलं. कोल्हा बहुधा अख्खी कोंबडी उचलून नेतो, मागे पिसं राहतात. कलिंगडाला लहानसं भोक पाडून आतला गर खरवडून काढला असेल, तर तेही काम याचंच.

मग औषध काय, तर जाळी. तुझ्या खुराड्याला ती षटकोनी भोकांची चिकन वायर आहे ना? ती कोंबडीला आत ठेवायला ठीक, रॅकूनला बाहेर ठेवायला बिलकूल नाही. ती काढून टाक आणि अर्ध्या इंचाच्या चौकोनी भोकांची वेल्डेड जाळी लाव. दुकानात हार्डवेअर क्लॉथ म्हणून माग. नुसत्या पिना ठोकू नकोस, त्या तो उपसतो. स्क्रू आणि रुंद वॉशर वापर. तळाशी तीच जाळी बाहेरच्या अंगाला फूटभर आडवी पसर आणि वर माती लोट, म्हणजे उकरायला गेला तरी जाळीच लागेल. छपराखालच्या फटी विसरू नकोस, तो उत्तम चढतो.

दाराचं तर खास बघ. आपल्याकडे खुराड्याच्या तोंडाला फळी आणि वर दगड लावला की मुंगसापुरती सोय होते. इथे ती पुरत नाही. रॅकूनच्या बोटांना विलक्षण जाण असते, अंधारात चाचपून तो साधी कडी उचलतो, खिट्टी सरकवतो. म्हणून कडीत स्प्रिंगचा हुक अडकव, म्हणजे दाबायचं आणि फिरवायचं अशी दोन कामं एकदम करावी लागतील. आणि दिवे लागणीला कोंबड्या आत, ही शिस्त एकाही संध्याकाळी मोडू नकोस. ऑफिसातून यायला उशीर होत असेल, तर वेळेवर मिटणारं आपोआपचं दार मिळतं, ते बसवून घे.

त्याच्या पोटाची सोयही आपणच करत असतो. मागच्या दारी मांजराचं ताट रात्रभर, पक्ष्यांसाठी टांगलेलं धान्य, कोंबड्यांचं खाद्य उघड्या बादलीत, कचऱ्याच्या डब्याला नुसतं झाकण. खाद्य पत्र्याच्या घट्ट झाकणाच्या डब्यात भर, कचऱ्याच्या डब्याला पट्टा आवळ, ताट रात्री आत घे. हे केलं नाहीस, तर एक रॅकून गेला की त्याची जागा दुसरा घेईल. खुराडं उघडं टाकून रॅकूनमागे धावणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

मक्याचंही आत्ताच मनात ठेव. तू यंदा पहिल्यांदाच गोड मका पेरते आहेस. दाणा दुधात भरला की एका रात्रीत ताटं आडवी होतात, कणसं अर्धवट सोलून चावलेली पडतात. आपल्याकडे रानडुकरांसाठी शेताला झटका मशीन लावतात ना, तसंच इथे लाव, फक्त तारा अगदी खाली हव्यात: एक जमिनीपासून सहा इंचांवर, दुसरी बारा इंचांवर. तारेला गवत टेकू देऊ नकोस, झटका मरतो. संध्याकाळी चालू, सकाळी बंद. आणि कणीस भरण्याच्या आधी लाव. एकदा चव लागली की त्याला अडवणं कठीण जातं.

आता सापळ्याला आत्ताच नको म्हणण्याचं सगळ्यात मोठं कारण सांगते. हा मे महिना आहे. रॅकूनची पिल्लं एप्रिल-मेमध्ये जन्मतात, सहसा तीन ते पाच. बाप फिरकत नाही, सगळं आईवर. पहिले आठ-दहा आठवडे पिल्लं ढोलीत, नाही तर कुणाच्या माळ्यावर, धुराड्यात पडून असतात. आज तू जिला पकडशील, ती दूध पाजणारी आई असण्याची शक्यता मोठी आहे. ती परत गेली नाही, तर पिल्लं उपाशी मरतील, आणि ती तुझ्याच माळ्यावर असली तर तो वास आणि ते दुःख तुझ्याच घरात. या दिवसांत रॅकून भर दिवसा दिसला म्हणून तो पिसाळलेलाच आहे असंही समजू नकोस. भुकेली आई दिवसाही बाहेर पडते. मात्र तो झोकांड्या देत असेल, तोंडातून लाळ गळत असेल, माणसाला बघून हटत नसेल, तर पोरींना आणि कुत्र्याला आत घे आणि जिल्ह्याच्या वन्यजीव अधिकाऱ्याला फोन कर.

धुराड्यातून पिल्लांचा आवाज आला, तरी खाली विस्तव पेटवू नकोस. खाली दिवा आणि बोलता रेडिओ ठेव, रोजची वर्दळ वाढव. आईला जागा असुरक्षित वाटली, तर ती एकेक पिल्लू मानेला धरून दुसऱ्या ढोलीत हलवते. सगळे गेल्याची खात्री झाली की वर लोखंडी जाळीची टोपी बसव.

एवढं सगळं करूनही ऑगस्ट सरताना एखादा धटिंगण मागे लागलाच, तर मग सापळा. तो कसा मांडायचा ते नीट ऐक.

एका दाराचा पिंजरा घे, सुमारे बत्तीस इंच लांब, दहा रुंद, बारा उंच. यापेक्षा लहान घेतलास तर दार त्याच्या पाठीवर आपटतं आणि तो मागे सरकून निसटतो. मागच्या भागाला बाहेरून बारीक जाळी बांध, नाही तर तो बाहेरूनच हात घालून आमिष काढून घेईल. ज्या कुंपणाच्या किंवा भिंतीच्या कडेनं त्याची वाट आहे, तिथे फळीवर सपाट ठेव आणि खुंटीला बांध. हलणाऱ्या पिंजऱ्यात तो पाऊल टाकत नाही. आसपास हात पोचेल एवढ्या अंतरात पाण्याची नळी, वायर, वाळत घातलेलं फडकं काही नको. अडकलेला रॅकून गजांतून हात काढून सापडेल ते आत ओढतो आणि चिंध्या करतो.

आमिष गोड ठेव: मोठा मार्शमेलो. एक दारात, एक मध्यावर, बाकीचे पाय पडताच दार पाडणाऱ्या पट्टीच्या पलीकडे. मासे किंवा मांजराचं खाद्य लावलंस, तर शेजारणीचं मांजर अडकेल किंवा स्कंक येईल, आणि चोर सोडून संन्याशाला फाशी व्हायची. पहिल्या काही रात्री दार तारेनं उघडं बांधून ठेव, निर्धास्तपणे खाऊ दे. मग एका संध्याकाळी तार काढ. सकाळी उजाडताच बघायचंच; रोज एकदा पाहणी हा इथला नियमही आहे. दिवसभर उन्हात कुणाचाही जीव तडफडता कामा नये. स्कंक अडकलाच, तर जुनी चादर समोर धरून सावकाश जा, पिंजरा झाक, मग दार उघड. ऑपोसम किंवा मांजर असेल तर सरळ सोडून दे.

आणि रॅकून असेल तर? इथेच सुरुवातीचा प्रश्न येतो. खुराडं पक्कं झालं असेल आणि मन धजत नसेल, तर तिथेच सोड. चामड्याचे जाड हातमोजे घाल, पिंजऱ्याच्या मागच्या बाजूला उभी राहा, दार झाडीकडे करून काठीनं उघडं अडकव. तो थेट पळतो. पण सोडायचंच असेल, तर आधी पकडायचं कशाला, हेही स्वतःला विचार. खरं सांगायचं तर इथे सापळा मांडणं म्हणजे बहुतेक वेळा त्या जनावराच्या मरणाचा निर्णय घेणं. तो घ्यायचा असेल, तर राज्याचा परवाना असलेला वन्यजीव-नियंत्रणवाला आधी गाठून ठेव. तो येऊन काम करेल. कुणी पिंपात बुडवायला सांगेल, ते ऐकू नकोस. अमेरिकेतल्या पशुवैद्यकांच्या संघटनेनं ती पद्धत अमान्य ठरवली आहे, आणि ती क्रूर आहे. विषाचं तर नावच काढू नकोस. रॅकूनसाठी मंजूर असं एकही विष या देशात नाही, आणि तुझी पोरं, कुत्रा, शेजारचं मांजर त्याच अंगणात फिरतात.

शेवटचं, पण सगळ्यात मनावर घ्यायचं: त्याची विष्ठा. रॅकून ठरावीक जागी बसतात, झाडाच्या बुंध्याशी, लाकडांच्या ढिगावर, माळ्यावर. त्यात एका गोल जंताची अंडी असू शकतात. ती दोन ते चार आठवड्यांत बाधा करण्याजोगी होतात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकतात. पोटात गेली तर जंत मेंदूपर्यंत पोचू शकतो, आणि माती तोंडात घालणाऱ्या लहान मुलांना धोका जास्त. म्हणून पोरींच्या वाळूच्या खड्ड्यावर झाकण हवंच. विष्ठा दिसली की मास्क आणि हातमोजे घालून, थोडी ओली करून लगेच उचल, पिशवीत बांधून कचऱ्यात टाक, आणि त्या जागेवर उकळतं पाणी ओत. ब्लीचनं ती अंडी मरत नाहीत. पिंजराही वापरल्यावर उकळत्या पाण्यानंच धू. आणि चावा किंवा ओरखडा लागलाच, तर पंधरा मिनिटं साबणाच्या पाण्यानं धुऊन थेट इस्पितळ गाठ. आपण लहानपणापासून पिसाळलेल्या कुत्र्याला भ्यायलो, पण इथे रेबीज मुख्यतः रानातल्या प्राण्यांत असतो: वटवाघूळ, रॅकून, स्कंक, कोल्हा. तुझ्या कुत्र्याची रेबीज आणि डिस्टेंपरची लस वेळेवर झाली आहे ना, तेही बघ.

तर या शनिवारी जाळी, वॉशर आणि दोन स्प्रिंगचे हुक घेऊन ये, मोजमाप मला पाठव, किती फूट लागेल ते मी काढून देते. जुलैच्या सुरुवातीला मक्याला तारा. सापळ्याचं ऑगस्टच्या शेवटी बोलू, आणि तेव्हाही मी तुला पहिला प्रश्न हाच विचारेन. तो जीव आपल्या अंगणात पोटासाठी येतो. आपल्या कोंबड्या राखणं हे आपलं काम आहे, त्याचं नाही. ते काम नीट केलंस, तर पुढचा निर्णय घ्यायची वेळ बहुतेक तुझ्यावर येणारच नाही.