घाटात मिसिंग मारणारी गाडी

पोरा, प्लग खोलायचा तर आधी इंजिन गार होऊ दे. हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापलेलं असताना पाना लावलास तर आटे प्लगबरोबर ओढून येतील. भोवतालची माती हवेनं उडव, नाहीतर ती सरळ सिलिंडरमध्ये जाते.

गिऱ्हाईक येतं नि सांगतं, सपाटीला गाडी झकास पळते, खंबाटकी घाट चढताना मात्र मिसिंग मारते. बाकीचे कार्बोरेटर उघडून बसतात. तू आधी प्लगचा गॅप बघ. चढाला थ्रॉटल पिळला की सिलिंडरमध्ये मिश्रण जास्त भरतं, दाब वाढतो. इतक्या दाबातून ठिणगी उडवायची तर व्होल्टेजही जास्त लागतं. टोकं झिजून गॅप रुंदावलेला असला, की कॉइलचा जोर नेमका तिथं कमी पडतो. सपाटीला भागून जातं, म्हणून हा दोष महिनोन्‌महिने लपून राहतो, आणि तोवर कॉइलवर, प्लगच्या टोपीवर फुकटचा ताण येत राहतो. गॅप फार कमी ठेवणंही चूक. ठिणगी उडते, पण एवढीशी. मिश्रण नीट पेट घेत नाही नि आयडलला गाडी बंद पडते. टू-स्ट्रोकला तर ऑइलचा कार्बन ती बारीक फट बुजवूनच टाकतो.

किती ठेवायचा ते गाडीच्या पुस्तकात दिलेलं असतं, तेच धर. जुन्या पॉइंटवाल्यांना साधारण 0.5 ते 0.6 मिलिमीटर, सीडीआयवाल्या बऱ्याच मोटारसायकलींना 0.7 ते 0.9. हॅक्सॉ ब्लेड घालून गॅप धरणारे पुष्कळ भेटतील. ते ब्लेड 0.6 च्या आसपास जाड असतं. जुन्या स्कूटरला खपून गेलं, म्हणून सगळ्यांना लावायचं नाही. फिलर गेज घे, आणि वापरलेल्या प्लगला पट्टीऐवजी गोल तारेचं गेज लाव. झिजलेल्या बाहेरच्या टोकाला आतून खळगा पडतो. सपाट पट्टी त्याच्या कडांवर टेकते, गॅप बरोबर वाटतो, आणि खरा गॅप त्याहून जास्त असतो. हे फार जणांच्या लक्षात येत नाही.

वाकवायचं ते बाहेरचंच टोक. मधल्या टोकावर जोर देऊन कधी उचकटू नकोस, पोर्सलीन तडकतं. गॅप कमी करायचा तर बाहेरचं टोक लाकडावर हलकेच ठोक, आणि दर ठोक्यानंतर गेज घाल. टोकं साफ करायला पॉलिश पेपर नको, त्याची खर आत अडकून बसते. इरिडियमच्या प्लगला तर ब्रशही लावू नकोस. त्याचं मधलं टोक अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास, लगेच खराब होतं. तो गॅप कंपनीतून आलेला असतो, फक्त तपासून घे.

बसवताना आटे हातानंच चढव. टेकल्यावर नव्या वायसरला पान्यानं अर्धा फेरा पुरतो. वायसर आधीच दबलेला असेल तर अगदी जरासा. सैल ठेवलास तर प्लगची उष्णता हेडमध्ये उतरत नाही, आणि टोक तापून पांढरं पडतं.