मिठीचे पाणलोट क्षेत्र आणि माहीमची खाडी

‘पाणलोट क्षेत्र’ ही संज्ञा भूगोलाच्या पुस्तकात आपण सर्वांनी वाचलेली आहे. ज्या भूभागावर पडलेले पावसाचे पाणी उताराने वाहत येऊन एकाच प्रवाहाला मिळते, तो भूभाग म्हणजे त्या प्रवाहाचे पाणलोट क्षेत्र. व्याख्या सोपी आहे. परंतु तिचा अर्थ असा होतो की, पवईच्या टेकडीवर घातलेल्या फरशीचा संबंध माहीमच्या खाडीतल्या चिंबोरीशी आणि कुर्ल्याच्या सखल भागातील एखाद्या चाळीशीही असतो. हा संबंध कसा घडतो हे मिठी नदीच्या उदाहरणावरून पाहण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. मी स्वतः कुर्ल्याचा रहिवासी असल्यामुळे हा विषय मला केवळ अभ्यासाचा वाटत नाही.

मिठी ही सुमारे १८ किलोमीटर लांबीची छोटी नदी. विहार आणि पवई या तलावांचे भरून वाहणारे पाणी हा तिचा आजचा उगम. यापैकी विहार तलाव १८६० साली पुरा झाला. तेथून साकीनाका, कुर्ला, कालिना, वांद्रे-कुर्ला संकुल आणि धारावी असा प्रवास करून ती माहीमच्या खाडीतून अरबी समुद्राला मिळते. तिचे पाणलोट क्षेत्र सुमारे ७३ चौरस किलोमीटर आहे. वरचा भाग डोंगराळ आणि खालचा भाग समुद्रसपाटीच्या जवळ, अशी ही रचना असल्यामुळे वरून पाणी वेगाने येते आणि खाली आल्यावर रेंगाळते.

आता थोडे गणित करू. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी होते. तासाला २५ मिलिमीटर पाऊस धरला, तर या पाणलोट क्षेत्रावर एका तासात सुमारे १८२ कोटी लिटर पाणी पडेल. मुंबईची जुनी पर्जन्यजलवाहिन्यांची व्यवस्था नेमका हाच पाऊस गृहीत धरून आखलेली होती. त्यातही निम्मे पाणी जमिनीत मुरेल, म्हणजे वाहून नेण्यास निम्मेच उरेल, असा हिशेब होता. माती, गवत आणि झाडी होती तोवर हा हिशेब ठीक होता. परंतु टेकड्या फोडून इमारती उठल्या, अंगणे सिमेंटची झाली, रस्ते डांबरी झाले आणि मुरणारे पाणी वाहू लागले. पाऊस तेवढाच राहिला तरी नदीच्या वाट्याचे पाणी दुप्पट होऊ शकते, ते असे. १९९३ च्या ‘ब्रिमस्टोवॅड’ अहवालाने म्हणूनच तासाला ५० मिलिमीटर पाऊस आणि त्यातला सर्व पाऊस वाहून येणार, असे धरावयास सांगितले.

ही झाली वरच्या अंगाची कथा. खालच्या अंगाला खाजण, चिखलवट आणि तिवरांचे रान होते. अशा जमिनीला आपण सहज ‘पडीक’ म्हणतो. वस्तुतः ती फार कामाची असते. समुद्राला भरती आली म्हणजे नदीचे पाणी बाहेर जाऊ शकत नाही. ते ओहोटीपर्यंत कोठेतरी थांबावे लागते. ही थांबण्याची जागा म्हणजे खाजण. तिवरांची चिखलातून वर आलेली श्वसनमुळे प्रवाह मंद करतात, त्यामुळे गाळ खाली बसतो. या मुळांच्या आश्रयाने कोळंबीची आणि बोयांची पिल्ले वाढतात, निवट्या चिखलावर सरपटतात, चिंबोऱ्या बिळे करतात. आणि त्यांच्या मागोमाग बगळे, खंड्या व थंडीतले पाहुणे तुतवार येतात.

या जागेचे पुढे काय झाले? १८४५ साली माहीमचा कॉजवे झाला आणि खाडीचे तोंड आवळले गेले. १९७० नंतर वांद्रे-कुर्ला संकुलासाठी सुमारे ३७० हेक्टरांचे क्षेत्र ठरले. त्यातला मोठा भाग दलदलीचा होता, तो भराव घालून उंच केला गेला. विमानतळाच्या धावपट्टीखालून नदीला वाट काढावी लागली. काठावर वस्त्या आणि कारखाने वाढले, सांडपाणी व कचरा पात्रात आला. गाळाने तळ उंचावला. आज खाडीकाठी तिवरे हिरवीगार दिसतात, परंतु त्यावरून पाणी निर्मळ आहे असे मानू नये. तिवर ही जात घाण सोसणारी आहे. तिच्या मुळांशी वाढणारे जीव मात्र तेवढे सोशिक नसतात.

२६ जुलै २००५ रोजी या सर्व गोष्टींचा एकत्र हिशेब झाला. सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. हा आकडा सबंध पाणलोटाला लावला तर सुमारे ६,९०० कोटी लिटर पाणी होते. म्हणजे जवळजवळ अडीच विहार तलाव. दुपारी चारच्या सुमारास समुद्राला मोठी भरती होती. शहरात चारशेहून अधिक माणसे दगावली. माझा जन्म त्यानंतरचा. परंतु पाणी कोठवर चढले होते ती रेघ आमच्या चाळीतले वडीलधारे आजही भिंतीवर बोट ठेवून दाखवतात. ती माझ्या डोक्याच्या वर आहे. इतका पाऊस कोणत्याही नदीला झेपला नसता हे खरे. पण थांबण्याची जागा शिल्लक असती तर पाणी इतके चढले नसते, हेही तितकेच खरे.

त्यानंतर श्री. माधवराव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली सत्यशोधन समिती नेमली गेली. नदीचे पात्र रुंद व खोल करण्यात आले, काठाने भिंती बांधण्यात आल्या. पात्र रुंद करणे आवश्यकच होते. भिंतींविषयी मात्र विचार करावासा वाटतो. भिंत पाणी पुढे लोटते, परंतु भरतीच्या वेळी पुढे जागाच नसते; आणि नदीचा काठाशी असलेला संबंध मात्र तुटतो. मुंबई उच्च न्यायालयाने २००५ साली तिवरांच्या तोडीस मनाई केली आणि २०१८ च्या निकालात तिवरांभोवती ५० मीटरचा पट्टा राखण्यास सांगितले. धारावीजवळ जुन्या कचराभूमीवर ३७ एकरांचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले, यावरून बिघडलेली जमीनही सुधारता येते हे दिसते.

शहर वाढू नये असे माझे म्हणणे नाही. घरे आणि रोजगार लागतातच. त्यासाठीच आमचीही कुटुंबे येथे आली. पण पुराची चर्चा निघाली की काठावरच्या झोपड्यांकडे बोट दाखवले जाते. झोपड्यांनी पात्र आवळले, हे नाकारता येणार नाही. मात्र धावपट्टी, भराव आणि रुंद रस्ते या नकाशावर आखून, मंजुरी घेऊन केलेल्या गोष्टी होत्या. उंचावर भराव घालणाराचे अंगण कोरडे राहते आणि तेथून हटलेले पाणी सखल भागातल्या घरात शिरते. नियोजनाचा हा प्रश्न जितका भूगोलाचा आहे तितकाच न्यायाचाही आहे.

म्हणून कोणताही नवा आराखडा पुढे आला म्हणजे आपण दोन साधे प्रश्न विचारावेत. या जागेवर आज किती पाणी मुरते? आणि भरतीच्या वेळी येथे किती पाणी थांबते? बांधकामानंतर ते पाणी कोठे जाणार, याचे उत्तर आराखड्यात नसेल तर ते आपल्याला पावसाळ्यात मिळते. भूगोल, अर्थशास्त्र आणि समाजशास्त्र शिकणाऱ्या विद्यार्थ्यांनी मिळून आपापल्या वस्तीचा असा हिशेब मांडण्यास हरकत नसावी. त्याला फार साधने लागत नाहीत. एक नकाशा, एक पर्जन्यमापक आणि भरती-ओहोटीचे वेळापत्रक पुरेसे आहे.